‘इक्विटी’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या सार्वजनिक विद्यापीठांमधले ‘डायव्हर्सिटी, इक्विटी अँड इन्क्लुजन’ कार्यक्रम (मागे ठेवल्या गेलेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांना आधार देणारी कार्यालये आणि उपक्रम) टिकावेत म्हणून तिथल्या मराठी मंडळींसाठी मराठीत एक निवेदन काढायचे आहे. ‘विविधता, समता आणि समावेश’ असे लिहिले तर चालेल का?

‘विविधता’ चालेल. ‘समता’ मात्र इथे नको, आणि त्याचे कारण शब्दकोशात नाही, हे कार्यक्रम ठेवावेत की बंद करावेत या वादातच आहे.

‘समता’ आणि ‘समानता’ मराठीत जवळपास एकाच अर्थाने चालतात. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, हिंदीत त्याच जागी ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’. म्हणजे दोन्ही शब्द ‘इक्वॅलिटी’चे. १९२८ साली समाज समता संघाचे ‘समता’ हे पत्र निघाले, त्यामागे डॉ. आंबेडकर होते, त्या शब्दाचे वजन आपल्याला ठाऊक आहे आणि ते कमी करायचे नाही. पण अमेरिकेत हे कार्यक्रम बंद पाडणारेही ‘इक्वॅलिटी’चाच हवाला देतात: सगळ्यांना एकच नियम लावा, वंश आणि लिंग पाहूच नका. कार्यक्रमांच्या बाजूचे लोक म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या दार बंद राहिलेल्यांना नुसता एक नियम पुरत नाही. तुम्ही ‘समता’ लिहिलेत, तर दोघेही एकच मागताहेत असे वाटेल आणि वाद कशावरून आहे ते वाचकाला कळणारच नाही.

नेमका शब्द आपल्याकडे आहे: समन्याय. तो कायद्याच्या भाषेतला असला तरी ‘समन्यायी पाणीवाटप’ या रूपात तो गावोगाव पोहोचला आहे. टंचाईच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, यावरून जी खडाजंगी होते ती याच शब्दाभोवती. प्रत्येक धरणात सारखे टीएमसी, असा त्याचा अर्थ तिथे कुणीही लावत नाही. कुठे किती तूट आहे हे पाहून वाटा ठरवायचा, हे शेतकऱ्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. ‘इक्विटी’त हेच अभिप्रेत आहे. शेअर बाजारातल्या इक्विटीचा ‘समभाग’ वेगळा; यंत्राकडून भाषांतर करून घेणार असाल तर तो मध्ये घुसत नाही ना, तेवढे बघा.

‘आरक्षण’ हा शब्द कटाक्षाने टाळा. आपल्या मंडळींच्या बोलण्यात या कार्यक्रमांना ‘तिकडचे आरक्षण’ म्हणून टाकतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वंशावरून ठरावीक जागा राखून ठेवणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खटल्यात, बेकायदा ठरवले. जून २०२३ च्या निकालाने प्रवेश देताना वंशाचा विचार करणेही जवळजवळ संपवले. आताचा घाव वेगळ्याच गोष्टीवर आहे. टेक्सासचा ‘सिनेट बिल १७’ हा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याने सार्वजनिक विद्यापीठांतल्या विविधता कार्यालयांवर बंदी आणली, प्रवेशप्रक्रिया मात्र स्पष्ट शब्दांत त्यातून वगळली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले बहुसांस्कृतिक केंद्र त्या जानेवारीतच बंद झाले. तिथल्या एका विभागाने नावातला ‘डायव्हर्सिटी’ काढून ‘कॅम्पस अँड कम्युनिटी एंगेजमेंट’ असे नाव घेतले होते. एप्रिल २०२४ मध्ये तोही गुंडाळला गेला आणि सुमारे ६० जणांच्या नोकऱ्या गेल्या. अशा कार्यालयांचे रोजचे काम काय असते? घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना हाताशी धरणे, भेदभाव झाला तर तक्रार कुठे करायची ते दाखवणे, चार आपल्यासारखी माणसे भेटतील अशी हक्काची जागा देणे. याला आरक्षण म्हणायचे म्हणजे विरोधकांचे काम आपणच करून द्यायचे.

‘समावेश’ चुकीचा नाही, पण थंड आहे. यादीत नावाचा समावेश होतो; माणसाला सामावून घ्यावे लागते, आणि ते कुणीतरी करावे लागते. म्हणून नावात ‘समावेशन’ ठेवा आणि मजकुरात बिनदिक्कत ‘सामावून घेणे’ लिहा. याचे आपल्या जवळचे उदाहरण निवेदनात जरूर घाला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या सार्वजनिक विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. दलित विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी नेट लावला होता. जात आपल्याबरोबर समुद्र ओलांडून गेली आहे. तिच्याविरुद्ध दाद मागायची जागा तिथल्या विद्यापीठात असणे मराठी घरांतल्या मुलांसाठीही मोलाचे आहे. हे कार्यक्रम परक्यांचे आहेत असे समजणाऱ्या वाचकाला या एका उदाहरणाने विषय आपला वाटेल.

तेव्हा मी असे लिहीन: ‘सार्वजनिक विद्यापीठांतले विविधता, समन्याय आणि समावेशनाचे कार्यक्रम चालू ठेवा.’ ‘सरकारी’पेक्षा ‘सार्वजनिक’ बरे, आपल्याकडच्या ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्याच्या नावातही तोच शब्द आहे. शीर्षकात ‘डीईआय’, म्हणजे तिन्ही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, नको. तिकडे ती तीन अक्षरे टोमण्यासारखी फेकली जातात, आणि इकडच्या आईवडिलांना त्यांतून काहीच अर्थबोध होत नाही. पहिल्या उल्लेखात तिन्ही शब्द पूर्ण लिहा, आणि ‘समन्याय’पुढे अर्ध्या ओळीत ‘ज्याची जशी अडचण तशी मदत’ एवढे जोडा.