ब्रिजमध्ये पार्टनरने विरोधकांचाच रंग बोलला, तर त्यातून ३ नोट्रम्प कसं गाठायचं?

विरोधकांनी इस्पिक बोललेले असताना पार्टनरने ३ इस्पिक बोलला, तुम्ही पास केलंत, आणि आता कुठे चुकलं असं विचारताय. पास करायचं नव्हतं, हे एव्हाना तुमच्या पार्टनरने सांगितलंच असेल, बहुतेक चारचौघांत. मनावर घेऊ नका. मी ही बोली आजवर दोनदा पास केली आहे, आणि दुसऱ्या वेळी समोर बायको बसली होती. घरी जाताना रिक्षात कोणी बोललं नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा डाव पुन्हा मांडतो. पार्टनर १ चौकट, तुमच्या उजवीकडचा १ इस्पिक, तुम्ही २ चौकट, डावीकडचा पास, पार्टनर ३ इस्पिक. तुमच्याकडे इस्पिकचा राजा-नव्वी-पंजी, बदामचा गुलाम आणि दोन किरकोळ, दश्शीसकट चार चौकट, किलवरची राणी आणि दोन किरकोळ. एकूण सहा गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). ‘पार्टनरकडेही इस्पिक दिसताहेत’ असं समजून तुम्ही पास केलंत, आणि दोघांचे मिळून पाच हुकूम घेऊन पार्टनर ३ इस्पिक खेळायला बसला.

आता त्याचे पत्ते बघा: इस्पिकची अठ्ठी-तिर्री, बदामचा एक्का-छक्की, चौकटचे एक्का-राजा-राणी-गुलाम धरून सहा, किलवरच्या एक्क्यासकट तीन. चौकटचे सहा आणि दोन एक्के, म्हणजे आठ हात तो उतारीच्या, म्हणजे पहिल्या पत्त्याच्या, आधीच मोजून बसलाय. नववा कुठून येईल आणि विरोधक सुरुवातीलाच इस्पिकचे पाच हात ओढून नेतील का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. त्याची ३ इस्पिक ही बोली (विरोधकांच्याच रंगाची, तिला क्यू बिड म्हणतात) म्हणजे प्रश्न होता: ‘इस्पिक थांबवणारा पत्ता आहे का? असेल तर ३ नोट्रम्प बोल, नसेल तर ४ चौकट.’ तुमच्याकडे राजा होता. ३ नोट्रम्प (हुकमाशिवाय नऊ हात) तुम्ही खेळता, डावीकडच्याने त्याच्या पार्टनरच्या रंगाची, म्हणजे इस्पिकची, उतारी केली की राजाचा एक हात येतोच. झाले नऊ. दोघांचे गुण मिळून फक्त २४, तरी गेम, म्हणजे हातांचे १०० गुण भरणारी बोली.

तोच डाव ५ चौकटला नेऊन बघा. इस्पिकचा एक हात जातो, बदामचा एक जातो, किलवरचा किमान एक. खाली. मायनर रंगांत (चौकट, किलवर) गेमच्या बोलीला अकरा हात लागतात, कारण सहाच्या वरच्या प्रत्येक हाताला २० गुण. नोट्रम्पला त्यातल्या पहिल्या हाताचे ४० आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०, म्हणून नवव्या हाताला १०० भरतात. दोन हातांचा हा फरक आहे म्हणूनच मायनरमध्ये जुळलं की जाणते खेळाडू आधी ३ नोट्रम्पकडे बघतात. मेजरमध्ये आठ-नऊ पत्ते जुळले असतील, तर नोट्रम्पच्या मागे लागू नका, सरळ ४ बदाम किंवा ४ इस्पिक बोला.

स्टॉपर, म्हणजे तो थांबवणारा पत्ता, कशाला म्हणायचं? एक्का, राजा आणि एक किरकोळ, राणी आणि दोन किरकोळ, गुलाम आणि तीन किरकोळ. यापेक्षा एक किरकोळ कमी म्हणजे अर्धा स्टॉपर. पण दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, हे बरेचजण विसरतात. एकाकडे राणी आणि एक, दुसऱ्याकडे गुलाम आणि दोन: एक्का-राजा दोन फेऱ्यांत निघून जातात, तिसऱ्या फेरीला गुलाम उभा असतो.

विरोधकांनी एकच रंग बोलला असेल, तर त्या रंगाची बोली म्हणजे प्रश्न: तुझ्याकडे स्टॉपर आहे का? त्यांनी दोन रंग बोलले असतील, समजा एकाने बदाम आणि दुसऱ्याने इस्पिक, तर मात्र अर्थ उलटा होतो. तेव्हा तुम्ही बदाम बोलता ते ‘बदाम माझ्याकडे थांबतात, इस्पिकचं तू बघ’ हे सांगायला. एक रंग असला की विचारतो, दोन असले की सांगतो. सरसकट सगळे असंच खेळत नाहीत, त्यामुळे नवीन पार्टनर असेल तर पत्ते पिसायच्या आधीच विचारून घ्या.

आता मला ज्याने खरा धडा दिला तो डाव. पार्टनर १ किलवर, माझ्या उजवीकडचा १ इस्पिक. माझ्याकडे इस्पिकचा एक्का-चव्वी, किलवरला भक्कम साथ, बारा गुण. एक्का म्हणजे स्टॉपरच, विचारायचं काय, म्हणून मी थेट ३ नोट्रम्प बोलून मोकळा झालो. डावीकडून नव्वीची उतारी. डमीत, म्हणजे पार्टनरच्या उघड्या मांडलेल्या पत्त्यांत, इस्पिकची राणी आणि दोन किरकोळ. डमीतून लहान लावलं, उजवीकडच्याने राजा-गुलाम-दश्शी हातात धरून किरकोळ टाकलं, मी एक्का घेतला. पुढे डावीकडच्याला किलवरचा राजा मिळाला, त्याने पुन्हा इस्पिक खेळलं, आणि डमीतली राणी राजाच्या तोंडात सापडली. चार इस्पिक आणि तो किलवरचा राजा. एक हात खाली.

तोच डाव दुसऱ्या टेबलावरही होता; तिथे माझ्या जागी बसलेल्या काकांनी २ इस्पिक बोलून विचारलं. राणीवाल्या पार्टनरने नोट्रम्प बोललं आणि खेळायला तो बसला. आता उतारी कोणाची? राजा असलेल्याचीच. त्याने इस्पिक खेळलं की डमीतून चव्वी, हातातून राणी, आणि एक्का अजून शिल्लक. तेच सव्वीस पत्ते, पण माझ्याकडे एक स्टॉपर, त्यांच्याकडे दोन. म्हणजे क्यू बिड फक्त ‘आहे का’ एवढंच विचारत नाही, खेळायला कोण बसणार हेही ठरवते. राजा-किरकोळ किंवा राणी-दोन ज्याच्याकडे, उतारी त्याच्या हाताकडे येऊ द्यावी. एक्का-किरकोळ असलेल्याला घाई नसते, एक्का कुठल्याही बाजूला बसून तेवढाच हात घेतो. (मेंढीकोट खेळत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना पत्ते दिसले की हुकूम बोलायची घाई होते, ती इथे आवरावी लागते.)

एक गोंधळ टाळा. १ चौकट, १ इस्पिक आणि लगेच तुमची २ इस्पिक, ही बोली बऱ्याच जोड्यांत ‘चौकटला चांगली साथ, दहा किंवा जास्त गुण’ अशी असते. तिथे स्टॉपरचा प्रश्न पोटात असतो, थेट नसतो. ओपनरकडे (पहिली बोली बोललेल्याकडे) स्टॉपर असेल तर तो २ किंवा ३ नोट्रम्प बोलेल, नसेल तर चौकटवर परतेल. आणि मेजर हुकूम ठरल्यावर स्लॅमकडे (बारा-तेरा हातांच्या बोलीकडे) जाताना एक्के-राजे दाखवायलाही ‘क्यू बिड’ हेच नाव वापरतात. तो वेगळा विषय, इथे मिसळू नका.

राहिलं एकच. ३ इस्पिकवर तुमच्या उजवीकडच्याने डबल दिला, तर घाबरू नका, उलट तुम्हाला जास्तीच्या दोन बोल्या मिळाल्या. आम्ही पास म्हणजे ‘काही नाही’ आणि रिडबल म्हणजे ‘अर्धा स्टॉपर’ असं ठरवलंय. पूर्ण असला की डबलकडे लक्ष न देता ३ नोट्रम्प. तुमच्या पार्टनरशी हे चहाच्या वेळी एकदा बोलून घ्या. तोवर त्याचा रागही उतरला असेल.