कबुली देण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फेलोशिपचा अर्ज वाचला. कापूस बोंडअळीने गेला, आईची पोत गहाण पडली, तू वर्षभर जिनिंगवर हमाली केलीस. सगळं खरं आहे. आणि खाली विचारतोस, "सर, वाचलं की हा मी नव्हेच असं वाटतं. मी खोटं लिहिलं का?" नाही रे. पण कुणापुढे लिहिलंस? ऐकणारा कोण, ते आधी बघ.

फुको हा फ्रेंच विचारवंत वाचलास म्हणतोस, मग एवढं कसं निसटलं? 1215 मध्ये चर्चने वर्षातून एकदा तरी पाद्र्यापुढे कबुली देणं सक्तीचं केलं. पुढे तीच सवय दवाखान्यात, कोर्टात, शाळेत झिरपली, असं तो म्हणतो. बोलणाऱ्याला वाटतं आपण मोकळे झालो. जोर मात्र गप्प बसून ऐकणाऱ्याचा. त्याला हवा तसा 'मी' बोलता बोलता घडत जातो. समितीला बिचारा हवा होता, तू बिचारा झालास!

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो घे. 'कन्फेशन्स', म्हणजे कबुल्या, हेच त्याच्या आत्मकथेचं नाव. पोरवयात तुरिनला नोकरीत असताना त्याने फीत चोरली आणि आळ घातला मारिऑन या स्वयंपाकिणीवर. दोघांचीही नोकरी गेली. त्याचा पश्चात्ताप साऱ्या जगाने वाचला, मारिऑनला कुणी विचारलं? पुढे पॅरिसच्या उमरावांपुढे त्याने ही आत्मकथा वाचली. तोच लिहितो की वाचन संपल्यावर सगळे गप्प, एक बाई तेवढ्या शहारल्या. ऐकणारा चुकला की असं होतं.

आमच्या कॉलेजात स्वमूल्यमापनाचा फॉर्म यायचा. 'आपल्या उणिवा' हा रकाना मी कधीच भरला नाही. बढती रखडली, घरी बोलणी खाल्ली, पेन्शनलाही फटका बसला. हेकट म्हणाले, म्हणोत. उणिवा होत्याच, पण त्या साहेबाला सांगण्यासाठी नव्हत्या.

आपल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने 1930 साली तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' छापलं. अवघड आहे, पण वाच. देह, मन, भावना, ज्याला ज्याला 'हे माझं' म्हणून समोर ठेवता येतं, त्यापासून ज्ञाता, म्हणजे जाणणारा 'मी', मागे सरू शकतो. त्यातच त्याचं स्वातंत्र्य. 'हा मी नव्हेच' म्हणणारा तुझ्यात जो कोणी आहे, त्याला जप.

अर्ज मागे घेऊ नकोस, पैसे लागणारच आहेत. आईला तो अहिराणीत सांग. ती जिथे थांबवेल तिथे खोड. आणि संशोधनाचा भाग तीन ओळींत गुंडाळलायस, तो आधी नीट लिही.