शिफारसपत्रात नेमकं काय लिहायचं?

प्रश्न : आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम तास संपल्यावर शिकवणी वर्ग चालवतात. वरच्या वर्गातले विद्यार्थी तिथे खालच्यांना शिकवतात, त्यांची तयारी मॅडम करून घेतात. उत्कृष्ट प्राध्यापक पुरस्कारासाठी आम्ही त्यांचं नाव सुचवतोय. ‘मॅडम मेहनती, प्रेमळ, विद्यार्थिप्रिय आणि समर्पित आहेत’ असा मसुदा केलाय, पण तो कुणालाच पसंत नाही. काय लिहावं?
– तृतीय वर्षाचे काही विद्यार्थी

उत्तर : मसुद्यातलं सगळं खरंच असणार. पण निवड समितीवर मी बसलेली आहे. हीच विशेषणं प्रत्येक अर्जात असतात आणि त्यांवरून नजर घसरत पुढे जाते. मॅडमच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तरी जे वाक्य चालेल, ते बिनदिक्कत काढा.

त्याऐवजी एखादं गणित आठवा. लिमिटिंग रिएजंटचंच, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाचंच घ्या. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजनपासून पाणी करायचंय, आधी काय संपेल? नवखा विद्यार्थी वजन बघतो आणि ‘हायड्रोजन’ म्हणतो. प्रत्यक्षात मोजायचे ते मोल, म्हणजे रेणूंच्या संख्येचं माप. हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन अर्धाच मोल आणि तेवढ्या हायड्रोजनला ऑक्सिजनची गरज १ मोलची, म्हणजे संपणार ऑक्सिजन. इथे उत्तर सांगून मोकळं व्हायचा मोह प्रत्येक शिकवणाऱ्याला होतो (मला आजही होतो). तुमच्या मॅडमनी तयार केलेली ट्यूटर मुलगी तसं न करता ‘समीकरणातले आकडे ग्रॅमचे की मोलचे?’ एवढंच विचारून गप्प बसत असेल, तर पत्रात तेच लिहा. ते गप्प बसणं शिकवावं लागतं.

शिकवणी वर्गाबद्दल वेगळा परिच्छेद हवाच. समित्या शोधनिबंध मोजतात आणि शिकवणीला ‘चांगुलपणा’ म्हणून बाजूला सारतात, याचा मला मनस्वी राग आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत डियाना मार्टिन यांनी १९७३मध्ये अशा पद्धतीची मांडणी केली. त्यांनी कच्चे विद्यार्थी न निवडता अवघड विषय निवडले, त्यामुळे वर्गाला येण्यात कमीपणा राहिला नाही. तो विषय आधी उत्तम केलेला विद्यार्थी पुन्हा तासाला बसायचा आणि मग इतरांचा अभ्यास घ्यायचा. पुढे १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात खास रसायनशास्त्रासाठी विद्यार्थीच चालवतील अशा गटांची पद्धत उभी राहिली. म्हणजे मॅडम करतात ते फावल्या वेळचं परोपकारी काम नव्हे. ट्यूटर कसे निवडतात, त्यांची तयारी कशी होते, वर्गात मॅडम कधी येतात आणि कधी मुद्दाम येत नाहीत, हे सगळं लिहा.

आणखी एक गोष्ट शोधून काढा, कारण माझ्या मते सर्वांत मोलाची तीच. शिकवणीतून कळलेलं मॅडमच्या तासापर्यंत पोचतं का? समतोल म्हणजे अभिक्रिया थांबली (खरं तर ती दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालू असते), असं निम्म्या वर्गाला वाटतंय हे ट्यूटरनी येऊन सांगितलं आणि मॅडमनी पुढचा तास तिथूनच सुरू केला, असं काही घडलं असेल तर तारखेसकट लिहा.

निकालाच्या टक्केवारीबाबत जरा सांभाळून. स्वतःहून शिकवणीला येणारे बरेचदा मुळातच जिद्दी असतात, त्यामुळे ‘येणारे पास, न येणारे नापास’ या तुलनेतून फारसं सिद्ध होत नाही, आणि समितीत एखादा संख्याशास्त्रवाला निघालाच तर पत्र तिथेच अडकेल. त्यापेक्षा एका ट्यूटरचं आणि कमी गुण मिळूनही येत राहिलेल्या एकाचं, अशी दोन छोटी निवेदनं जोडा. हुशार मुलांची स्तुती समितीला सवयीची असते.

सगळं मिळून दोन पानांच्या वर जाऊ नका. आणि पाठवण्याआधी मॅडमना विचारा. पुरस्कारापेक्षा शिकवणीचे तास आपल्या कार्यभारात धरले जावेत आणि ट्यूटरना प्रमाणपत्र मिळावं, असं त्या म्हणाल्या, तर तशी मागणी करणारं दुसरं पत्र प्राचार्यांना त्याच दिवशी द्या.