ॲक्सेस ९७ मधला जुना डेटाबेस नव्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये थेट उघडेल का?

नाही, उघडणार नाही. ॲक्सेस २०१३ पासून पुढे ९७ च्या फाइली चालतच नाहीत. मधली पायरी घ्या: ॲक्सेस २००३, २००७ किंवा २०१० असलेल्या मशीनवर फाइलची कॉपी उघडून २००२-२००३ च्या एमडीबीत (ॲक्सेसचा जुना फाइल प्रकार) बदला, मग नव्या ॲक्सेसमध्ये एसीसीडीबी (नवा फाइल प्रकार) करा. असे डेटाबेस हलवणं हेच माझं काम. डेटा सहसा मुकाट येतो, रडवतो तो कोड. ६४-बिट ऑफिस असेल तर विंडोज एपीआयच्या, म्हणजे कोडमधून विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या, प्रत्येक 'डिक्लेअर' ओळीत 'पीटीआरसेफ' (PtrSafe) हा शब्द घालावा लागतो, आणि फॉर्मवर तारीख निवडायचं जुनं कॅलेंडर कंट्रोल तर २०१० मध्येच काढून टाकलंय. मात्र हाताशी फक्त एमडीई (मूळ कोड काढून टाकलेली, डिझाइन बदलता न येणारी फाइल) असेल, तर टेबलं आणि क्वेरी इम्पोर्ट होतील. फॉर्म, रिपोर्ट आणि कोडसाठी मूळ एमडीबीच शोधावी लागेल.