ओढ्याकाठची रानबेगोनिया

प्रश्न : ताम्हिणीत ओढ्याकाठच्या ओल्या कातळावर रानबेगोनिया फुललेली दिसली. तिचा कंद कोथरूडच्या गॅलरीतल्या कुंडीत जगेल का?

उत्तर : कृपया आणू नका. बेगोनियाच्या २,००० हून अधिक जाती आहेत. उष्ण कटिबंधातल्या कित्येक जाती एखाद्याच ओढ्याच्या परिसरापुरत्या असतात आणि वरची झाडी तुटून सावली व दमटपणा गेला की ती जातच धोक्यात येते. आपल्या सह्याद्रीतली बेगोनिया क्रेनाटा तितकी दुर्मीळ नसली, तरी पावसाळा सरल्यावर ती केवळ कंदावर तगते, त्यामुळे कंद उपटला की पुढच्या वर्षीचे झाडच गेले. त्यापेक्षा तिथेच थांबून फुले निरखा : एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, व मादी फुलामागे पंखासारख्या कडांचे अंडाशय स्पष्ट दिसते. गॅलरीसाठी रोपवाटिकेतली संकरित बेगोनिया घ्यावी.