नव्या गाडीला ॲव्हरेज नाही: आधी तपासणी मागा, भरपाईचे नंतर बघू

विट्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. गाडीचे मॉडेल आणि शोरूमचे नाव वगळून ते थोडक्यात देते.

"मॅडम, 2024 च्या दसऱ्याला कोल्हापूरहून पेट्रोलची नवी गाडी घेतली. मॅन्युअल गिअर, 11 लाख 40 हजार. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज 18.6 आहे. मला गावात 9 आणि पुण्याच्या हायवेला 11 च्या वर कधी मिळाले नाही. पिकअप तर नाहीच. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला गाडी मरते, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, घरचे घाबरून जातात. सहा वेळा वर्कशॉपला नेली. आधी म्हणाले गाडी सेट व्हायला वेळ लागतो, मग म्हणाले तुमची चालवायची पद्धत चुकते, आता म्हणतात पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होते. गाडी बदलून मिळेल का? मानसिक त्रासाचे 5 लाख मागू का? हप्ते थांबवू का? येत्या शनिवारी पुण्यात एकाकडे 25 हजारांत इंजिन रिमॅप करायचे ठरवले आहे. त्याने निदान पिकअप तरी येईल ना?"

अशी पत्रे मला सतत येतात. गाडीची कंपनी बदलते, गाव बदलते, मजकूर तोच असतो. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शनिवारचे रिमॅप रद्द करा. हे वाचून होताच त्या माणसाला फोन करा. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती बुडाली तरी चालेल.

कारण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 मध्ये आहे. तुमची अख्खी केस या एका कलमावर उभी राहील नाहीतर पडेल. तक्रार मालातल्या दोषाची असेल आणि तो दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाने तो माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवावा, असे त्यात म्हटले आहे. अहवालासाठी 45 दिवसांची मुदत आहे, आयोग ती वाढवू शकतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची.

आता रिमॅप म्हणजे काय ते बघा. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर काढून दुसरे घालायचे. म्हणजे उद्या तज्ज्ञ तपासेल ती गाडी कंपनीने विकलेली गाडी उरणारच नाही. कंपनीचा वकील पहिल्याच पानावर लिहील की ग्राहकाने बाहेरून फेरफार केला, वॉरंटी संपली. त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे काही राहणार नाही, माझ्याकडेही नाही. इंजेक्टर बाहेर खोलून बघणे, गॅस किट बसवणे, जाळीदार एअर फिल्टर लावणे या सगळ्याला हेच लागू. गाडी हाच तुमचा पुरावा आहे. त्याला हात लावू नका.

गाडीच्या दोषाच्या तक्रारी का हरतात, हे स्पष्टच सांगते. तक्रारीत मनस्तापाची चार पाने असतात, व्हॉट्सॲपचे फोटो असतात, भरपाईचा मोठा आकडा असतो, आणि गाडी तपासण्याचा अर्जच नसतो. वर्ष-दीड वर्ष तारखा पडतात. युक्तिवादाच्या दिवशी समोरचा एवढेच म्हणतो की उत्पादनातला दोष असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, हे राष्ट्रीय आयोगाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तक्रार फेटाळली जाते आणि ग्राहक म्हणतो, कोर्टात न्याय नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो, कारण दोन पानांच्या अर्जाने हे टळले असते. वकीलही तो अर्ज विसरतात. आमच्या व्यवसायाचा हा दोष मी लपवत नाही.

तेव्हा तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच, त्याच दिवशी द्यायचा. कंपनीचे म्हणणे येऊ दे, मग बघू, असे करायचे नाही. कायद्याने तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली निघायला हवी. प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते आयोगाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही विचारा. कुठे अध्यक्ष नाहीत, कुठे सदस्य नाहीत, आणि तुमची गाडी रोज जुनी होते आहे. माझ्या एका अशिलाची गाडी तपासणीला गेली तेव्हा तिचे 60 हजार किलोमीटर झाले होते. तज्ज्ञाने लिहिले की आता दिसणारी झीज मूळ दोषामुळे की वापरामुळे हे सांगता येत नाही. दोष होता, मी स्वतः त्या गाडीत बसले होते, पण सिद्ध करण्याची वेळ निघून गेली होती.

अर्जात "गाडी तपासावी" एवढेच लिहिलेत तर तज्ज्ञ एक चक्कर मारून "चालू स्थितीत आहे" असे लिहून मोकळा होईल. काय तपासायचे ते नेमके मागा. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधले फॉल्ट कोड (बिघाडाचे नोंदवलेले क्रमांक) आणि त्यांचा इतिहास, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, इंधनाचा दाब, ऑक्सिजन सेन्सरची नोंद, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का, थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन थंड चालते आहे का, क्लच स्लिप होतो का, आणि चाके मोकळी फिरतात का. हे शेवटचे फार जण विसरतात. ब्रेक किंचित जरी चिकटत असला तरी पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम जातात, आणि हायवेला थांबल्यावर रिम हाताला गरम लागते. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. आज गाडी चालवून आल्यावर चाकाजवळ हात धरून बघा. एकच चाक तापत असेल तर वर्कशॉपकडून लेखी नोंद घ्या. कदाचित तुमचा प्रश्न आयोगापर्यंत जाणारही नाही.

अर्जातली दुसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, साधारण तेवढीच चाललेली दुसरी गाडी कंपनीने हजर करावी आणि तज्ज्ञाने दोन्ही गाड्या एकाच पंपावर टाकी फुल करून, एकाच रस्त्यावर, एसी चालू ठेवून चालवाव्यात. कारण कागदावरचा 18.6 हा आकडा रस्त्यावरचा नाही. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या चक्रात वेग 90 च्या पुढे जात नाही. कंपनी हेच सांगेल आणि ते खरे आहे. फक्त कागदावरचा आकडा दाखवून भांडाल तर अर्धी लढाई तिथेच हराल. पण शेजारी उभी असलेली तशीच गाडी 16 देते आणि तुमची 11, असे दिसले की प्रयोगशाळेचा मुद्दा संपतो. केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने 2022 मध्ये ॲव्हरेजच्या एका तक्रारीत ग्राहकाला 3 लाख 10 हजार रुपये दिले. जाहिरात 32 ची होती. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष गाडी चालवून बघितली तेव्हा सरासरी 19.6 आली. ती केस त्या तज्ज्ञाच्या आकड्यावर जिंकली गेली.

तपासणी कोणाकडे जाईल ते आयोग ठरवतो. तुम्ही नाव सुचवू शकता. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, पुण्यात एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. कंपनी स्वतःचा इंजिनिअर पुढे करेल. त्याला हरकत घ्या.

इथेनॉलचे कारण फार काळ टिकणारे नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडे उतरते हे मान्य. पण नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचीही घट 6 ते 7 टक्के धरली आहे. तुमची घट हायवेलासुद्धा 40 टक्क्यांच्या वर आहे. गाडीच्या पुस्तिकेत ई-20 (20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल) चालते असे लिहिले असेल तर ते पान तक्रारीला जोडा. गावातल्या 9 च्या आकड्यावर मात्र जोर देऊ नका. विट्याच्या बाजारपेठेत कोणतीही गाडी पेट्रोल पिते. जोर हायवेच्या 11 वर आणि चढावर मरणाऱ्या इंजिनावर द्या. दोन्ही एकत्र आले तर दोष दिसतो. नुसते ॲव्हरेज म्हणजे चालवण्याचा वाद होऊन बसतो.

आता तुमच्या निष्काळजीपणाबद्दल. पत्रासोबत तुम्ही सहा जॉब कार्डे पाठवलीत, मी ती नीट वाचली. तीन नुसत्या फ्री सर्व्हिसची आहेत. दोनांवर "सॉफ्टवेअर अपडेट केले" असे आहे. "पिकअप कमी" हे शब्द फक्त एकावर आहेत, आणि पुढे "रोड टेस्ट केली, ओके". ॲव्हरेजचा उल्लेख एकावरही नाही. सहाही कार्डांवर "काम समाधानकारक" या ओळीखाली तुमची सही आहे! घरी जायची घाई असते, काउंटरवरचा मुलगा बोट ठेवतो तिथे आपण सही करतो, हे मला कळते. पण 11 लाखांच्या वस्तूच्या कागदावर न वाचता सही करायची नसते. तुम्ही सहा वेळा तोंडी सांगितलेत आणि कागदावर सहा वेळा समाधानी झालात. आयोग कागद वाचतो.

तरी त्यातही एक धागा तुमच्या बाजूचा आहे. गाडीत काहीच बिघाड नव्हता तर दोनदा सॉफ्टवेअर का बदलले? कोणत्या तक्रारीवरून, कोणती आवृत्ती काढून कोणती घातली, आधी कोणते फॉल्ट कोड दिसले आणि कोणते पुसले, हे वर्कशॉपला ईमेलने विचारा. उत्तर आले तर पुरावा आहे. आले नाही तरी न दिलेले उत्तर तक्रारीत लिहिता येते. सर्व्हिस ॲडव्हायझरशी झालेले व्हॉट्सॲप जपून ठेवा, आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

मुदतीचे एका वाक्यात सांगते. कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. दर वेळच्या दुरुस्तीने मुदत पुढे सरकते असे काही निकालांच्या आधारे म्हणता येईल, पण तुम्ही त्यावर विसंबू नका. ताबा मिळाल्याच्या दिवसापासूनच मोजा. तुमच्या बिलावर 12 ऑक्टोबर 2024 आहे. दसरा तिथीने येतो, मुदत तारखेने संपते. वकिलाची नोटीस पाठवल्याने ती थांबत नाही. नोटीस जरूर द्या, पंधरा दिवस द्या, पण उत्तराची वाट बघत बसू नका.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मी इतक्या ठामपणे देऊ शकत नाही. गाडी बदलून मिळेल का, हे अहवालावर अवलंबून आहे. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे बंधन असेल तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. म्हणून मागणी पायऱ्यांनी करा. दोष काढून द्यावा आणि त्या भागाची वॉरंटी वाढवावी. ते शक्य नसेल तर गाडी बदलून द्यावी, तेही नसेल तर किंमत व्याजासह परत करावी. कलम 39 खाली हे तिन्ही आदेश आयोग देऊ शकतो. मानसिक त्रासाचे 5 लाख मिळतील असे मला वाटत नाही. मोठ्या आकड्याने आयोगावर छाप पडत नाही. गेल्या 20 महिन्यांत जादा लागलेल्या पेट्रोलचा हिशेब बिलांसह मांडाल तर त्याला जास्त वजन येईल.

शोरूम आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, पण आरोप वेगवेगळे लिहा. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले की डीलरने केलेल्या चुकीसाठी, स्वतःचा संबंध दाखवल्याशिवाय, कंपनीला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा इंजिनातला दोष कंपनीच्या नावावर लिहा, सहा वेळा निदान न करता गाडी परत देणे हे शोरूमच्या नावावर. तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. कोल्हापूरला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायची गरज नाही, कारण तुम्ही राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क 2019 च्या कायद्याने दिला आहे. तुमच्या रकमेला फी 400 रुपये आहे.

हप्ते थांबवू नका. बँकेने कर्ज दिले आहे, गाडी बनवलेली नाही. तीन हप्ते चुकले तर बँक गाडी उचलेल, आणि गाडीसोबत पुरावाही जाईल.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. एकाच पंपावर टाकी ऑटो-कटपर्यंत फुल करा, बिल घ्या, मीटरचा फोटो काढा, विटा-पुणे-विटा जाऊन या आणि त्याच पंपावर परत फुल करा. असे तीनदा करा. टायरची हवा दर वेळी आधी तपासून घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा नोंदवून ठेवा, पण हिशेब बिलांवरून करा. मग गाडी वर्कशॉपला न्या आणि जॉब कार्डावर तुमच्या हाताने, मराठीत लिहा: "चढावर इंजिन ओढत नाही. हायवेवर टाकी-ते-टाकी ॲव्हरेज 11. फॉल्ट कोडची छापील प्रत हवी." गाडी परत घेताना दोष तसाच असेल तर समाधानाच्या ओळीवर काट मारा, खाली "तक्रार कायम" लिहून तारखेसह सही करा आणि गेट सोडण्याआधी त्या कार्डाचा फोटो काढा.