चिमणराव ते आबा टिपरे : दिलीप प्रभावळकर कुठून पाहायला सुरुवात करावी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की तुम्ही प्रभावळकरांचे फक्त ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ चित्रपटातले गांधीजी पाहिलेत, दोन्ही आवडले, पण ‘यात एवढं थोर काय, साधे आजोबाच तर आहेत’ असं वाटलं. दुसरी, आयुष्यभर नायकाच्या भूमिकांवाचून टीव्हीवर एखादा नट इतका मोठा कसा होतो. मी त्यांना चिमणरावांपासून पाहत आलोय आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

‘साधे आजोबा’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. माझ्या मते आबा हीच त्यांची टीव्हीवरची सगळ्यात अवघड भूमिका. पण ते पटायला आधी मागे जावं लागेल.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. सत्तरचं दशक संपता संपता तिथे चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या विनोदी गोष्टींवरची मालिका आली, आणि चिमणराव झाले प्रभावळकर. पडदा काळा-पांढरा आणि वाहिनी एकच. शेजारीपाजारी ज्यांच्याकडे सेट असेल त्यांच्या घरी सगळी आळी जमायची. नटाच्या बाजूने बघितलं तर हे काम फार जोखमीचं होतं. चिमणराव लोकांनी तीन-चार दशकं वाचलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापला चिमणराव ठरलेला होता. अशा माणसाला चेहरा द्यायचा म्हणजे निम्मे लोक ‘छे, हे आमचे चिमणराव नव्हेत’ म्हणणारच. तसं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट पुढे पुस्तक उघडलं की प्रभावळकरच दिसायला लागले.

हे कसं झालं? तेव्हाचे बरेच नट नाटकातून थेट स्टुडिओत यायचे आणि शेवटच्या रांगेला ऐकू जावं असंच बोलायचे. टीव्हीवर ते अंगावर येतं. प्रभावळकरांनी चिमणरावांचा भित्रेपणा मोठा केला नाही. स्वतःला शहाणा समजणारा आणि प्रत्येक वेळी फजिती ओढवून घेणारा हा माणूस उत्तर देण्याआधी एक क्षण थांबतो. त्या क्षणात नजर आधी इकडेतिकडे फिरते, मग बळेच आणलेला आव चेहऱ्यावर येतो, आणि मग वाक्य. हसू त्या थांबण्यात असायचं. समोर बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ, दणदणीत आणि ठाम. दोघांपैकी कुणीही विनोद करतोय असं दाखवायचं नाही, म्हणून जोडी जमली. कर्वे 2025 च्या ऑगस्टमध्ये गेले. मला त्या दिवशी दोघांचीही आठवण एकत्रच आली, वेगवेगळी काढता आली नाही.

आता खरा पेच. इतकी गाजलेली भूमिका मिळाली की टीव्हीवरच्या नटाला ती चिकटते. रस्त्यात लोक त्याच नावाने हाक मारतात, निर्माते तसंच काहीतरी घेऊन येतात. कित्येक चांगले नट आपण असे एका भूमिकेत अडकलेले पाहिले. प्रभावळकर सुटले, कारण त्यांच्याकडे आधीपासूनच बरीच माणसं जमा होती. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण त्यांनीच केली होती. त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये ते विदुर होते, आणि चाळीसहून जास्त वर्षांनी ते नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हाही विदुर तेच! बालप्रेक्षकांना किंचाळायला लावणारी चेटकीण आणि महाभारत संपल्यावरचा विदुर, दोन्ही एकाच गळ्यातून. शिक्षण विज्ञानाचं. सुरुवातीची बरीच वर्षं नोकरी सांभाळूनच नाटकं केली. त्या पिढीतल्या बहुतेकांचं तसंच होतं. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम, सुट्टीच्या दिवशी प्रयोग.

पुढचं तुम्ही शोधून पाहाच. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात त्यांनी मतिमंद मुलाच्या बापाची भूमिका केली, मुलगा होता अतुल परचुरे. आणि 1991 च्या ‘चौकट राजा’मध्ये ते स्वतःच बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू झाले. म्हणजे तीच व्यथा एकदा सोसणाऱ्याच्या बाजूने आणि एकदा आतून. नंदूच्या बाबतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अशा भूमिकेत हात वेडेवाकडे करून, मान टाकून प्रेक्षकाची कीव मिळवणं सोपं असतं. नंदू कीव मागत नाही. त्याला खेळायचं असतं, मैत्रीण हवी असते, ती मिळत नाही म्हणून राग येतो. रागावलेला नंदू बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

त्यानंतर दोनच वर्षांनी ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्ये यांचा, पण त्या बाहुल्याला लोक घाबरले ते प्रभावळकरांच्या आवाजाला. त्या वेळी लहान असलेली आज चाळिशीतली माणसं अजूनही तो मंत्र म्हणून दाखवतात. दूरदर्शनवरच्या ‘साळसूद’मध्येही त्यांनी खलनायक केला. आणि रंगमंचावर ‘हसवाफसवी’, लेखन त्यांचंच, एका प्रयोगात सहा भूमिका. त्यातले वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्याशी या विषयावर बोलून बघा, ते डोळे मिटून बोलायला लागतात. बाकीच्या पाच जणांना हशा मिळायचा, हेरंबकरांच्या वेळी प्रेक्षागृह गप्प व्हायचं.

या सगळ्यांत एक समान धागा दिसतो का बघा. विग, दात, मिशी, चाल, आवाजाची पट्टी, हे सगळं वापरून माणूस बाहेरून बांधत आणायचा. त्यांना गेटअपचा नट म्हणतात ते यामुळे, आणि कधीकधी ते कमीपणाने म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बाहेरचं बांधकाम पक्कं असेल तर आतला माणूस निर्धास्त वावरतो.

आणि मग 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा टीव्ही मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. इथे यातलं जवळजवळ काहीच हाताशी नाही. साधे कपडे, घरातलं बोलणं, मध्यमवर्गीय दिवाणखाना. चेहरा घाबरवायचा नाही, आवाज बदलून टाळी घ्यायची नाही. नट तेव्हा सत्तावन्न वर्षांचा आणि भूमिका त्याहून बऱ्याच म्हाताऱ्या माणसाची. आबांचं म्हातारपण त्यांनी कंबरेत वाकून दाखवलं नाही, ऐकण्यातून दाखवलं. सून श्यामल आणि नात शलाकाची वादावादी चालली आहे, मुलगा शेखर मध्ये पडू की नको या विचारात आहे, नातू शिऱ्याचं तिसरंच काही. अशा वेळी बोलणाऱ्याकडे न बघता कडेला बसलेल्या आबांकडे बघा. त्यांना मत आहे, ते द्यावंसं वाटतंय, पण सुनेच्या संसारात किती बोलावं याचं गणित मनात चालू आहे. हे गणित दिसतं. एकत्र राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं ते रोजचं गणित आहे, आणि माझ्या आठवणीत टीव्हीवर ते इतकं नीट कुणीच मांडलेलं नाही. श्यामल आणि शेखर करणाऱ्या शुभांगी गोखले आणि राजन भिसे यांनाही याचं श्रेय आहे. घर खरं वाटलं म्हणून आबा खरे वाटले. दिग्दर्शक केदार शिंदे यांनी ते घर विस्कटू दिलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही टिपऱ्यांतच आहे. ही मालिका आकाशातून पडली नाही. प्रभावळकर ‘लोकसत्ता’त रोजनिशीच्या रूपात सदर लिहायचे, त्या रोजनिशीचं ‘अनुदिनी’ हे पुस्तक झालं आणि पुस्तकावरून मालिका. म्हणजे आबा पडद्यावर येण्याआधी त्यांनी स्वतः कागदावर वर्षभर जगवले होते. नायक नसलेल्या नटाला काम मिळायची वाट बघावी लागते. ही वाट बघणं भल्याभल्यांना खाऊन टाकतं. ते लिहीत राहिले. मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, ‘हसवाफसवी’ लिहिलं, आबा लिहिले. फोन वाजला नाही तरी त्यांच्याकडे काम असायचं.

दुसरं कारण, टिपरे आठवड्याची मालिका होती. आज रोज भाग द्यावा लागतो, पानं ऐन वेळी सेटवर येतात, आणि चरित्र भूमिका करणाऱ्याला तीच काकू, तोच मामा वर्षानुवर्षं त्याच सुरात करावा लागतो. आजच्या नटांत गुण कमी आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांना माणूस बांधायला वेळच मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो. आठवड्याला एक भाग म्हणजे तालमीला, विचाराला, लेखनावर हात फिरवायला जागा. तुम्ही जुने भाग बघाल तेव्हा हा फरक जाणवेल.

गांधीजींबद्दल थोडक्यात. त्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’ या चित्रपटासाठी मिळून त्यांना 2006 सालचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गांधीजींच्या भूमिकेत मला आवडतं ते असं की ते फक्त मुन्नाला दिसतात, खोलीतल्या बाकीच्यांना नाही. म्हणजे नटाला समोरच्या बहुतेक माणसांकडून प्रतिसादच नाही. तरी ते हजर वाटतात, आणि कुठेही पुतळा होत नाहीत. आबा केल्यानंतर आलेले हे गांधीजी आहेत, ते मुन्नाचं ऐकून घेतात तेव्हा लक्षात येतं.

तर क्रम असा धरा. आधी चिमणरावांचे जे काही भाग सापडतील ते. सगळे मिळणार नाहीत, मिळतील त्यांचं चित्रही धूसर असेल, तरी बघा. मग ‘चौकट राजा’. मग लगेच ‘झपाटलेला’, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, म्हणजे नंदू आणि तात्या विंचू एकच माणूस यावर विश्वास बसणार नाही. त्यानंतर टिपरे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी 2025 चा ‘दशावतार’, एक्याऐंशीव्या वर्षी केलेला बाबुली मेस्त्री. कोकणातला दशावतारी नट आहे तो, म्हणजे तोंडाला रंग लावून दुसरा होणारा माणूस. प्रभावळकरांना ही भूमिका इतक्या उशिरा मिळाली याची हळहळ वाटते, आणि मिळाली याचा आनंदही.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर त्यांना ‘बोक्या सातबंडे’ वाचायला द्या. टिपऱ्यांचे भाग बघून झाले की कोणता भाग सगळ्यात आवडला ते इथे लिहा, त्यावर मला अजून बोलायचं आहे.